राबाची राख

विंझर

स्वरूप,

फिनलंडच्या दलदलीवरचा आपला निबंध तू एकट्याच्या नावावर छापलास. तीन हिवाळे मी तुझ्याबरोबर तिथला चिखल उपसला, आणि तू माझं नावच गाळलंस.

चिखलातली काळी राख तू हवामान तापून लागलेल्या वणव्यांची ठरवलीस. अरे, तिच्यात धान्याचे परागकण आहेत! आपल्याकडं भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा पसरून राब भाजतात, तशी तिथल्या शेतकऱ्यांनी पेरणीआधी जमीन भाजली होती. पण राबाच्या धुराचा वास कपड्यांना लागला की तुला कॉलेजात लाज वाटायची.

सावध करायला हे लिहायला घेतलं, पण धाडणार न्हाई. सोमवारच्या परिषदेत तू हा निबंध वाचलास की सगळ्यांसमोर विचारीन, "राब कधी भाजलायस का?"

माझं नाव गाळलंस, लई बरं केलंस. चूक आता एकट्या तुझी.

सोनिया