पुजलेल्या सुऱ्या

आश्विन शुद्ध २, शके १८५४. तळेगाव

पेटी मी देणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझंच मन डळमळलं तर हे पान काढून बघता येईल.

सासूबाईंनी आज पेटी उघडली. आतल्या सुऱ्या पाहून पदर नाकाला लावला. "त्या ब्रह्मदेशात ह्या सुऱ्यांनी काय काय कापलं असेल! माझ्या सोवळ्याच्या घरात नकोत. इंद्रायणीत टाकून ये." वर आणखी — "इतकी वर्षं राहिली तिकडे. लोकांच्या सुना लेकरं घेऊन परत येतात, हिनं सुऱ्या आणल्या."

हे तिथेच पानाला चुना लावत बसले होते. नंतर हळूच म्हणाले, "आईचं वय झालंय. दोन ठेव, बाकीच्या टाक." दोन! कुठल्या दोन, तेही सांगायचं होतं.

शुद्ध ४

लेकरांवरून बोललेलं जिव्हारी लागलंय. लागू दे. त्यात माझा दोष नाही आणि सुऱ्यांचा तर नाहीच.

तिकडे हे सागाच्या वखारीत हिशेबनीस. हे दौऱ्यावर गेले की घर खायला उठायचं. मग मी गाडीवानाला घेऊन खेड्यापाड्यांतल्या लोहारांकडे जायची. तिकडचा भाता उभा असतो — लाकडाची दोन नळकांडी, आत कोंबडीच्या पिसांचे दट्टे. लोहाराची बायको वर बसून ते खालीवर करते. एकीला माझी हिरवी नऊवारी फार आवडली. तिला साडी दिली, सुरी घेतली आणि तिचीच लुंगी नेसून घरी आले. हे दोन दिवस बोलले नाहीत.

एकही सुरी बाजारातली नाही. प्रत्येकीचा लोहार मला चेहऱ्याने आठवतो. तिकडच्या दिवसांतलं माझं म्हणावं असं एवढंच आहे.

शुद्ध ६

भाजीचं निमित्त करून गाडीने आंबीला गेले. दोन सुऱ्यांच्या मुठी सैल झाल्या होत्या, त्या नथू लोहाराकडून बसवून घेतल्या. त्याने अंगठ्यावर धार बघितली. "पानी चांगलं पाजलंय, बाई. कुटला गडी ह्यो?"

सांगितलं. मग बोलता बोलता नदीचंही सांगून बसले. तो हसायला लागला. "आवं, खंडेनवमीला पुजा की. एकदा हळद-कुकू लागलं की हत्यार कोन पाण्यात टाकतंय? आमी तर मोडकी सांडशीबी टाकत न्हाई."

येताना भाजी घ्यायची विसरले.

शुद्ध ८

नवमीच्या बेताचं ह्यांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

खंडेनवमी

सकाळी सासूबाई विहिरीवर आंघोळीला गेल्या तेवढ्यात विळी, अडकित्ता, कुऱ्हाड, खुरपं ह्यांच्या शेजारी माझ्या सगळ्या सुऱ्या मांडल्या. एकेकीला हळद, कुंकू, झेंडूचं फूल. सासूबाई आल्या, बघत उभ्या राहिल्या. पण फूल उचलायला हात काही धजेना. जिंकले!

ते दुपारपर्यंतच. दुपारी फौजदार आला, बरोबर दोन शिपाई. बुटांसकट थेट माजघरात. "परवाना कुठाय? शस्त्रं म्हणून पूजलीत ना? मग परवाना दाखवा. सध्या चळवळीचे दिवस आहेत, माहीत आहे ना?" माझी युक्ती माझ्याच अंगलट आली. ह्यांच्याकडे पाहिलं तर हे खांबाकडे बघत होते. ह्यांनीच सांगितलं की काय, असंही मनात येऊन गेलं.

फौजदाराने सुऱ्या भरायला पेटी आणायला सांगितली.

तेव्हा सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरातून लाल भोपळा आणला, फौजदारासमोर फतकल मारून बसल्या आणि सगळ्यांत मोठी सुरी उचलली. "शस्त्रं कसली? हिनं आम्ही भाजी चिरतो." आणि भोपळ्याचे दोन तुकडे केले.

पुजलेल्या हत्याराला नवमीला कामाला लावत नाहीत. अख्ख्या भोपळ्याला पहिला काप बाईने द्यायचा नसतो, पुरुषाला हाक मारायची असते. आणि सुरी तर बाटलेली! जन्मभर पाळलेलं सगळं त्यांनी परक्या माणसासमोर मोडलं. फौजदार "बरं बरं, आजी" करत निघून गेला.

सासूबाईंनी पुन्हा आंघोळ केली. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं, पण सोवळ्यात होत्या.

दसरा

सोनं देऊन वाकले, तर सासूबाई म्हणाल्या, "फौजदाराला निरोप मीच धाडला होता. पेटी नेतील, सुटेन, एवढंच वाटलं. तो मेला बुटांनी माजघरात येईल आणि सुनेला दरडावेल असं नव्हतं वाटलं."

मग लगेच म्हणाल्या,

"भोपळा उरलाय. विळीला धार राहिली नाही. ती तुझी सुरी आण."

आणली. चिरायला मात्र मीच बसले.