फुकणी कोणाच्या हातात होती

मी येशुदास लक्ष्मण ओहोळ, वय चौसष्ट, दौंड जंक्शनवरून निवृत्त झालेला पॉइंटमन, हल्ली मुक्काम शिरूर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता, शुद्धीवर राहून लिहीत आहे. दम्याने छाती भरते, पण डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नव्हते ती वर्षे पुढे येतीलच.

कलम १. शिरूरचे दोन खणांचे घर, परसू व त्यातले लिंबाचे झाड माझी पत्नी हन्नाबाई हिचे. ती हयात असेतो मुलगा जॉर्ज याने वाटणीचा विषयही काढू नये.

कलम २. पोस्टातली शिल्लकही हन्नाबाईचीच. बाजाची पेटी जॉर्जला. तिच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, त्यांच्या नादी लागू नये. रेल्वेची हातबत्ती माझ्याकडे चुकून राहिली आहे, ती त्याने स्टेशनात परत करावी. बापाचे नाव विचारले तर सांगावे. माझी अब्रू जायची ती कलम ४ मध्ये जाणारच आहे.

कलम ३. माझा जरीचा फेटा दौंडच्या बाळासो फिटरला. त्याने माझी साक्ष उचलून गणेशोत्सवात नक्कल म्हणून केली आणि वर बक्षीस घेतले. आता फेटाही माझाच घालावा.

कलम ४. आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणूस उपासनेत उभा राहून आपले पाप आणि त्यातून झालेली सुटका सर्वांसमोर सांगतो, त्याला साक्ष देणे म्हणतात. एकतीस साली वार्षिक मेळाव्यात मी दारू सोडल्याची साक्ष दिली. काय दिवस होते ते! पाबळ-शिक्रापूरकडून बैलगाड्या आलेल्या, मांडवामागे भाकरी थापणे चाललेले, पोरे आयांच्या मांडीवर पेंगत होती. मी उभा राहिलो आणि भीतीने पाठ केलेले सारे विसरलो. त्या भरात बोलून गेलो, की मी पिऊन घरी आलो, हन्नाने चुलीची फुकणी उचलली, मी जीव मुठीत धरून कणगीत शिरलो, आतूनच मोठ्याने गीत म्हणू लागलो आणि प्रभू मला त्या बाजरीतच भेटला.

मांडव हसून लोटपोट झाला. पाळकसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. असे हसू मी त्याआधी कधी ऐकले नव्हते, आणि ते आठवले की आजही छाती हलकी होते. दारू त्या दिवसापासून सुटली ती सुटलीच.

मग गावोगावची बोलावणी येऊ लागली. दर साली फुकणी लांब होत गेली आणि कणगी लहान. लोक हन्नाला बाजारात फुकणीवाली म्हणू लागले. ती भाजी घेऊन घरी येई.

खरे असे आहे. फुकणी माझ्या हातात होती. कणगीआड लपली ती हन्ना. त्या संध्याकाळपासून तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तीस वर्षे मी स्वतःचे पाप सांगायला उभा राहिलो आणि तिच्या नावावर हशा मिळवला. मला याची लाज वाटते.

कलम ५. माझ्या दफनाच्या दिवशी कलम ४ पाळकसाहेबांनी मंडळीच्या देवळात मोठ्याने वाचावे.

कलम ५ रद्द. कारण लिहून ठेवतो. काल हा कागद मी हन्नाला वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने हे कधी वाचणार म्हणून विचारले. मी गेल्यावर, असे मी सांगितले.

ती म्हणाली, “तवा तुमच्याकडं कोण बघणार? समदी माझ्याच तोंडाकडं बघणार. मी एकटीनंच बसायचं व्हय तिथं? खोटं उभं राहून सांगितलंत, आता खरंबी उभं राहूनच सांगा. येत्या रविवारी.”

मी म्हणालो, लोक हसणार नाहीत. ती म्हणाली, “न्हाई हसली तरी चालंल.”

तेव्हा येत्या रविवारी, ता. १९ रोजी, मी स्वतः उभा राहणार आहे. एकतीस सालानंतर अशी भीती आजच वाटते आहे. त्याआधी माझे काही बरेवाईट झाले, तर जॉर्जने हे आईच्या शेजारी उभे राहून वाचावे. तिला तिथे एकटीला बसवू नये.

सही : येशुदास लक्ष्मण ओहोळ

आमच्यासमक्ष सही केली :
१. दगडोबा हौसराव, बागाईतदार, शेजारी
२. हेन्री मास्तर, मंडळीचे सेक्रेटरी

शिरूर, जिल्हा पुणे
गुरुवार, ता. १६ नोव्हेंबर १९६१