दोन चेंडू

प्रिय ओलाया ताई,

उद्या बाराला सामना आहे. जिंकलो तर आपला क्लब वरच्या विभागात जाईल. अख्खं गाव येणार आहे.

तीन आठवड्यांपूर्वी कॉर्नर अडवताना माझं डोकं गोलखांबावर आपटलं. टेंगूळ आलं, गेलं. पण तेव्हापासून लांबचा चेंडू मला दोन दिसतो. गेल्या रविवारी तुझ्यासारखीच खेळाआधी दोन्ही खांबांना हात लावायला गेले, तर लांबून दिसलेल्या खोट्याच खांबाकडे धावले आणि उजवा हात हवेतच राहिला. मुली फिदीफिदी हसल्या. त्यांच्यातली कोवा ओरडली, "अगं ए, खांब इकडे आहे! सकाळीसकाळीच सायडर ढोसलीस की काय?" मीही हसले. मग नऊदा चेंडू आला, नऊदा मी डावीकडच्यावर झेप घेतली. नशिबाने तोच खरा निघाला.

कोचला सांगू कसं? गोलात उभी राहायला दुसरी कुणी नाही. आणि तू पडलीस नर्स, एका फोनवर मला घरी बसवशील.

आत्तापर्यंत फक्त लांबचंच दोन दिसायचं. आज आई हातभर अंतरावर उभी होती, आणि तीही दोन दिसली. "काय गं, अशी काय बघतेस?" दोन्ही तोंडांनी एकदम विचारलं.

हे पत्र पाठवणार नाही. तुझ्या जुन्या हातमोज्यांच्या पिशवीत ठेवतेय. उद्या मला काही झालंच, तर आई ते हातमोजे तुलाच देईल.

तुझी,
आयदा