बसलेल्या म्हाताऱ्यांचं व्यायाम मंडळ

तालुका सावली,
होळीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप बापूरावभाऊ यांस,

मनसारामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (वयानं तुमी मोठे म्हणून नमस्कार. साळे म्हणून तुमाले जे ऐकवायचं ते पुढं येतेच.) इकडं सारे खुशाल आहोत. तुमची बहीण गोकुळा खुशाल आहे, तिचा आवाज तर फारच खुशाल आहे. पोंभुर्ण्याकडं औंदा मोह कसा पडून राह्यला? सूनबाई भाग्यश्री अन् लेकरं बरी असतील. फोनच केला असता, पण फोनवर तुमी "हो, हो" म्हणता अन् ठेवून देता. पत्राले तसं करता येत नाई, म्हणून इतक्या वर्षांनी पेन घेतला.

तर झालं असं का, काही महिन्याआधी झिंगूच्या पुतणीचं, रुपालीचं लग्न झालं. (झिंगू म्हणजे आमचा तलावावरचा जाळंवाला. माझ्यापेक्षा मोठा, पण अंगानं वाळल्या बोंबलासारखा.) तुमाले माहीतच आहे, मी एस.टी.त ड्रायव्हर. गडचिरोली-सिरोंचा करत सारी नोकरी बसून काढली, अन् रिटायर झाल्यावर वाटलं का आता जरा निवांत बसू. त्या लग्नात पंगतीले मांडी घालून बसलो. वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. पोटभर जेवलो. पंगत उठली. मी नाई उठलो. पाय जागेवरच होते, पण माझं ऐकत नव्हते. वाढप्याले वाटलं, बुढ्याचं पोट नाई भरलं, त्यानं आणखी बुंदी वाढली. मी ती पण खाल्ली, बसल्या माणसाले दुसरं काम काय? दुसरी पंगत बसली, तिच्यातही मी. तिसऱ्या पंगतीले नवरदेवाकडचे लोक माझ्याकडं पाहून कुजबुजू लागले. शेवटी झिंगू अन् एक बँडवाला, अशा दोघांनी बगलेत हात घालून मले उभं केलं. बँडवाल्यानं त्यापायी एक गाणं अर्धं सोडलं, म्हणून साऱ्या मांडवाची नजर आमच्यावर. बायांच्या बाजूनं गोकुळा पाहत होती. काही बोलली नाई. भाऊ, तुमची बहीण बोलत नाई तवा काय होते, हे तुमी तिच्यासंग लहानपण काढलं म्हणून तुमालेच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तिनं मले आरोग्य उपकेंद्रात उभं केलं. तिथल्या पुनम मॅडम वयानं आपल्या नातीएवढ्या, पण बोलतात सासूसारख्या. म्हणाल्या, "आजोबा, हात छातीवर बांधा अन् खुर्चीतून उठा." मी म्हटलं, हात कशाले बांधता, मी काय चोरी केली? "उठा तर खरं." मी जोर लावला. खुर्ची सरकली, मी नाई. मॅडमनं बीपी पाह्यला, तोंड वाकडं केलं, अन् पाठ म्हणू लागल्या, का रोज व्यायाम केला तर बीपी आटोक्यात राहते, साखर उतरते, झोप चांगली लागते, मन लागते, हाडं-पाय मजबूत होतात अन् म्हातारा माणूस पडत नाई. मी म्हटलं, मॅडम, मी पडतच नाई, मी बसलेलाच असतो. यावर गोकुळा जोरात हसली. माझ्या बाजूनं नाई.

मॅडमच्या सांगण्यावरून गावात म्हाताऱ्यांचं व्यायाम मंडळ निघालं. अध्यक्ष कोण? आपले सोमाजी गुरुजी. रिटायर हेडमास्तर, पोट पुढं, त्याच्यापुढं शिट्टी. पुतण्यानं दिलेला ट्रॅकसूट घालून येतात. व्यायाम आमी करतो, गुरुजी शिट्टी वाजवतात. कोणी विचारलं का गुरुजी तुमी काऊन नाई करत, तर म्हणतात, "मी मनातल्या मनात करून राह्यलो." नेता असाच असते, भाऊ. घाम लोकाचा, शाल त्याची.

तलावाच्या काठी सरकारनं व्यायामाच्या मशिनी लावल्या आहेत, हिरव्या-पिवळ्या. आतापर्यंत त्यांच्यावर गोधड्या वाळत अन् बकऱ्या चढत. त्यातल्या एकीवर दोन पायऱ्या झुलतात, उभं राहून चालल्यासारखं करायचं. गुरुजी म्हणाले, ड्रायव्हरनं पह्यले चढावं. चढलो. डावा पाय सिरोंच्याकडं गेला, उजवा नागपूरकडं, अन् मधात मी. स्टेअरिंग होतं, ब्रेक नव्हता. थांबवायले जाव तर आणखी झुले. तेवढ्यात झिंगू जाळं खांद्यावर घेऊन आला, मजेत पाहत उभा राह्यला अन् विचारते, "काऊन ड्रायव्हरसाहेब, किती चालून राह्यले, गडचिरोली आली का?" बकऱ्या पण येऊन पाहू लागल्या. (त्यांची जागा होती, त्यांचं म्हणणं रास्तच होतं.) गोकुळानं येऊन दोन्ही पायऱ्या धरल्या तवा माझा प्रवास संपला.

त्यानंतर मी व्यायाम सोडणार होतो. पण गोकुळा म्हणाली, "सोडा. पुढच्या लग्नात मी बँडवाल्यालेच आधी सांगून ठेवीन." म्हणून खुर्चीतून उठ-बस चालू ठेवली, एक हात भिंतीले लावून एका पायावर उभं राहणं चालू ठेवलं. बगळा बरा दिसते, मी नाई.

सकाळी फिरायचं म्हणजे आमच्याकडं आणखी एक भानगड. शहरात लोक कानात वायरी घालून फिरतात. इथी कान उघडे ठेवावे लागतात, काऊन का जनावरांपायी जंगलखात्याचं सांगणं आहे, उजेड पडल्याबिगर निघू नका, एकटं फिरू नका. म्हणून ऊन निघाल्यावर आमी सारे, गोकुळासकट, गोळा होऊन, मोठ्यानं बोलत, तलावाच्या उंच मातीच्या पाळीवरून जातो. मांघच्या आठवड्यात पाळीच्या टोकाशी, मोहाच्या झाडाकडून, अस्वल निघालं. खोटं नाई, खरंखुरं, काळं, धुळीनं माखलेलं. सारे जागीच थिजलो. झिंगू हळूच म्हणाला, "पळू नका. तोंड तिकडंच ठेवा, मांघं मांघं सरका." सारे सरकू लागलो. गुरुजी नाई सरकले. गुरुजी बसले. मटकन, पाळीवरच, शिट्टी तोंडात. अन् एकदा बसले ते त्याहीले उठता येईना.

मी सर्वांत जवळ होतो. भाऊ, तुमाले खरं सांगतो, पळायचंच मनात होतं. पण गुरुजींनी माझ्याकडं पाह्यलं अन् मले पंगतीतला मीच दिसलो. मी खाली बसलो, त्याहीच्या बगलेत हात घातले अन् उठलो. एकटा नाई, ट्रॅकसूटसकट गुरुजी घेऊन उठलो. मांडी थरथरत होती, पण ऐकत होती. अस्वलानं आमच्याकडं एकदा पाह्यलं, दोन म्हाताऱ्यात खाण्यासारखं काही दिसलं नसेल, अन् कपाशीच्या पऱ्हाटीत निघून गेलं. मांघून गोकुळाचा आवाज आला, एकदम बारीक: "अवो, उठले हो तुमी!" आमच्या लग्नानंतर ती माझ्यावर इतकी खूश झालेली मी पाह्यली नव्हती. म्हणून तवापासून थोडा वेळ रोज उगाच बसतो अन् उठतो, तिच्यादेखत.

अन् गुरुजींचं ऐका. दुपारपर्यंत गावात बातमी, का सोमाजी गुरुजी अस्वलासमोर मुद्दाम बसले, ती एक युक्ती आहे, बसल्या माणसाले अस्वल काही करत नाई. ग्रामपंचायतीनं शाल-नारळ देऊन सत्कार केला. भाषणात गुरुजी म्हणाले, हे सारं नियमित व्यायामाचं फळ. मी टाळ्या वाजवल्या. पुनम मॅडम म्हणतात, खांद्यासाठी तेही चांगलं.

तर असा हा व्यायाम. म्हातारपणी माणसानं घरी पडून राहावं, तर हे लोक त्याले बगळा करतात, झुलवतात अन् अस्वलापुढं नेतात. सूनबाईले आशीर्वाद, लेकराहीले पापे.

तुमचा भाटवा,
मनसाराम

ता. क. व्यायामाले वर जी नावं ठेवली ती ठेवलेलीच राहू द्या. पण बीपी उतरला आहे, डॉक्टरनं गोळी कमी केली अन् रात्री झोपही लागून राह्यली. हे कोणाले सांगू नका. गावात माझी इज्जत नावं ठेवण्यावरच आहे.

दुसरा ता. क. भाग्यश्रीचा फोन आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दिवाळी गेली, संक्रांत गेली, डॉक्टर चाला म्हणते, अन् तुमी खाट सोडत नाई. न्हाणीत जायले दोघं लागतात. पडायचा भेव वाटते, असं तुमी तिले म्हणाले. मलेही वाटत होता, भाऊ. फोन ठेवून गोकुळा सैपाकघरात डोळे पुसत होती. धूर लागला म्हणाली. आमच्याकडं गॅस आहे.

तिसरा ता. क. पुढच्या बुधवारी आमचा लेक निकेश गाडी घेऊन येते. महिनाभराचे कपडे भरून ठेवा. नाई म्हणाले तर खाटेसकट उचलून आण, असं त्याले सांगतलं आहे. पुनम मॅडमले विचारून घेतलं, खाटेवर बसून करायचे व्यायाम पण असतात.