मदामला लिहायचं वाक्य

आबा,

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठा झालोय, तेव्हा जरा बरोबरीच्या नात्यानं बोललो तर रागावू नका. काल नात वही घेऊन आली. तिनं कॉलेजात फ्रेंच घेतलंय आणि मला येतं म्हणून मी तिचा फुकटचा मास्तर. म्हणाली, "आजोबा, हे 'असतं तर झालं असतं' काही केल्या डोक्यात शिरत नाही." मी दोन वाक्यं लिहून समजावून दिलं. ती "एवढंच होय!" म्हणून उड्या मारत गेली आणि मी पेन हातात धरून तसाच बसून राहिलो. मग म्हटलं, बसलोच आहे तर तुम्हालाच लिहू. पत्ता नाही, पण पत्त्यावाचून माझं आजवर कुठं अडलंय?

मी फ्रेंच का घेतलं हे तुम्हाला कधी खरं सांगितलं नव्हतं. तुम्ही आपले गावभर सांगत सुटलात, "माज्या मदामला पत्तर लिवायला पोरगं तिची भाषा शिकतंय." मी नाही म्हटलं नाही. खरी गोष्ट अशी, की सांगलीच्या त्या कॉलेजात संस्कृताच्या वर्गात वाईची मुलं होती. ती आईच्या पोटातूनच रामरक्षा म्हणत आलेली, तिथं फलटणकडच्या उसातून आलेल्या माझा काय निभाव लागणार! फ्रेंचमध्ये सगळेच सारखे अडाणी. म्हणून घेतलं. तुमची मदाम मला तेव्हा आठवलीही नव्हती. पहिलं वर्ष आम्ही काय केलं म्हणता? वसतिगृहाच्या व्हरांड्यात मांडी ठोकून फ्रेंच क्रियापदं 'रामः रामौ रामाः'च्या चालीवर म्हणायचो, माना डोलवत. सगळी रूपं तोंडपाठ. पण "पाणी दे" म्हणायची वेळ आली की आमची दातखीळ बसायची.

दुसऱ्या वर्षी इंटरला नवे सर आले, त्यांनी ही घोकंपट्टी बंद केली. त्यांची पद्धत वेगळीच होती. पुस्तकातलं वाक्य आणायचं नाही, घरी माणसं खरोखर बोलली असतील ते वाक्य मराठीत लिहून आणायचं आणि वर्गात सगळ्यांनी मिळून त्याचं फ्रेंच करायचं. मी पहिल्यांदा नेलं, "बैलाला पाणी पाजलंस का?" वर्ग हसला, पण सरांचे डोळे लकाकले. म्हणाले, "पिणे आणि पाजणे! बघा, मराठी एका शब्दात दुसऱ्याकडून काम करवून घेते. फ्रेंचला इथं दोन क्रियापदं जुंपावी लागतात." मी चाटच पडलो. जन्मभर बैलाला पाणी पाजत होतो, पण आपण त्यात काही करामत करतोय हे मला ठाऊकच नव्हतं. त्या वर्षी मी फ्रेंच शिकलो त्याहून जास्त आपलं घरचं बोलणं शिकलो, आणि सुट्टीला आलो की तुमची वाक्यं चोरून वहीत टिपायला लागलो. तुम्ही विचारायचात, "काय खरडतुयास रं?" मी म्हणायचो, अभ्यास.

मग एक दिवस मी धीर करून मदामचं वाक्य नेलं. ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. पहिल्या महायुद्धात तुम्ही खंदक खणणाऱ्या पलटणीत फ्रान्सला होता, तिथं निमोनियानं पडलात, आणि ज्या शेतकरणीच्या गोठ्यात तुमची तुकडी उतरली होती तिनं तुम्हाला दूध पाजून जगवलं. एवढीच गोष्ट, दर दिवाळीला त्याच शब्दांत. मी वहीत लिहिलं होतं, 'मदामने दूध आणले.' सरांनी खडू खाली ठेवला. "एकदा आणलं की रोज आणायची? आधी ते ठरवा, मग क्रियापदाला हात लावा. फ्रेंचमध्ये ही दोन रूपं वेगळी आहेत आणि मराठीतही आहेत, तुम्ही लक्ष देत नाही इतकंच."  लहानपणापासून ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती, आणि एकदा की रोज, एवढंही कुणी तुम्हाला विचारलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मळ्यात विचारलं. तुम्ही दारं धरत होता, एका सरीतून दुसरीत पाणी वळवत. खोरं तसंच रोवून उभे राहिलात. "रोज न्हाई रं. चार दिस आणायची. पाचव्या दिशी त्यांच्याच फौजेनं गाय न्हेली. मग नुस्तं ऊन पाणी आणलं तिनं, आन् वाटी माज्या हातात देऊन रडाय लागली. मी म्हनलं, मदाम, पाणी बी लय ग्वाड हाय. पर तिला काय कळतंय!" मी पुढं विचारलं, बर्फ पडत होतं की पडून गेलं होतं? "पडून गेलं हुतं. वाटा बुजल्या हुत्या, म्हणून तर मला दवाखान्यात न्हेता यीना." आणि तिचं स्वतःचं कुणी? "ल्योक हुता, लढाईवर. त्येचंच पांघरूण मला घातलं हुतं." आबा, दर दिवाळीला हे सगळं कुठं होतं? मला तर वेडच लागलं. दरेक काळ, दरेक रूप शिकलो की त्याचा एक प्रश्न घेऊन मी तुमच्याकडं यायचो आणि तुम्ही त्यातून काहीतरी नवंच काढून द्यायचात. आई वैतागायची, "बाप-ल्योक खुळं झाल्याती," म्हणायची. माझ्या आयुष्यात इतक्या आवडीनं मी पुन्हा काही शिकलो नाही.

दुसरी लढाई संपली, टपाल सुरू झालं आणि तुम्ही डिस्चार्जच्या कागदांच्या डब्यातून ती चिठोरी काढलीत. तुम्ही निघताना मदामनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेला पत्ता. शाई पिवळी पडलेली, पण अक्षर लागत होतं. "लिव," म्हणालात. मी ऐटीत दौत-टाक मांडलं. आख्ख्या आळीला ठाऊक होतं की आज पत्र जाणार, चार माणसं ओट्यावर येऊन बसली होती. तुम्ही सांगत गेलात: मी हाय, मळा हाय, तीन पोरं हायती, तुजा ल्योक आला का माघारी? मी भराभर लिहीत होतो. मग तुम्ही थांबलात, टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "आता नीट लिव. ह्येच्यासाठी समदा खटाटोप. तू नसतीस तर मी जगलो नसतो. आन् मी नसतो तर ह्यो लिवणारा बी नसता."

ते मी लिहिलं नाही, आबा. 'असतं-नसतं'चा धडा आमचा झाला नव्हता. टाक कागदावर टेकवला, पुढं सरकेना. चार माणसं बघत होती. मी लिहिलं, 'दुधाबद्दल आभार.' ओळ जरा लांब दिसावी म्हणून 'फार फार' दोनदा घातलं. तुम्ही विचारलंत, "झालं? जसंच्या तसं?" मी म्हटलं, जसंच्या तसं. तुम्ही कागद हातात घेतलात, त्या ओळीवरून बोट फिरवलंत आणि पेन्शनीच्या दिवशी साताऱ्याला जाऊन मोठ्या पोस्टात स्वतः टाकून आलात. गावच्या पेटीवर तुमचा भरवसा नव्हता.

पाचेक महिन्यांनी उत्तर आलं. मी सांगलीत होतो. ताईच्या लग्नाला म्हणून हळदीच्या दिवशी घरी पोचलो तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. लग्न पार पडलं, ताई सासरी गेली, मांडव उतरला, तेव्हा तुम्ही मला मळ्यातल्या पाण्याच्या पाटावर नेलंत आणि म्हणालात, "म्हातारी गेली रं."

"कोण म्हातारी?"

"मदाम. पत्तर आलं हुतं. हळदीच्या आदल्या दिशी."

मी म्हटलं, आबा, तुम्हाला फ्रेंच वाचता येत नाही, मग कळलं कसं? तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की एवढं शिकून हा गाढवच राहिला. "कागदाच्या डोक्याव शिरी न्हवतं." आणि तुमचं बरोबरच होतं. आपल्याकडं पत्राच्या माथ्यावर श्री नसलं की पुढचं वाचायचीही गरज नसते, माणूस गेलेलं असतं. असं पत्र वाचून फाडायचं, घरात ठेवायचं नाही. त्यात घरात दुसऱ्या दिवशी हळद लागायची. तुम्ही कुणाला न सांगता पाटावर आलात, कागदाचे तुकडे करून पाण्यात सोडलेत आणि आई गेल्यावर करतात तशी अंघोळ केलीत. वर लग्नात सगळ्यांशी हसून बोललात.

मी ओरडलोच. "अहो आबा, तिकडं कुणीच श्री लिहीत नाही! तिकडं कुठलं आलंय श्री! ते साधं पत्र असेल, खुशालीचं!"

 तुम्ही पाटाच्या पाण्याकडं बघितलंत, जणू ते तुकडे अजून तिथंच फिरत असतील. मग म्हणालात, "म्हंजी, हाय ती?" मी म्हटलं, असेल. नसेलही. कुणाला ठाऊक. मला आजही ते कुतूहल जात नाही. त्या कागदावर काय होतं? तिचा मुलगा परत आला होता का? तिनं तुम्हाला काही विचारलं होतं का? जगातल्या कितीतरी भाषांतली पत्रं वाचली मी नंतर, नोकरीच तशी लागली, पण न वाचलेल्या त्या एका पत्राइतकं मला कशाचंच नवल वाटलं नाही.

तेव्हा मात्र तुम्हीच सावरलात. "आसू दे. दुसरं लिव. म्हणावं, तुजं पत्तर माज्या हातनं फाटलं, चूक झाली, फिरून लिव." मी तिथंच पाटावर बसून वहीच्या कागदावर लिहून घेतलं. शेवटी मी भीतभीत विचारलं, ते मोठं वाक्य पुन्हा घालू का? तुम्ही मान हलवलीत. "त्ये नगं. त्ये पोचलं की तिला. एक डाव सांगितलं तेच खरं, पुना पुना सांगितलं की हलकं हुतं. ती आसू दे, नसू दे, माजं सांगायचं झालं." तुमच्या तोंडावर केवढं समाधान होतं! मी नुसतं "व्हय" म्हटलं.

त्या पत्रात मी ते घातलं, आबा. तुम्ही नको म्हणालात तरी घातलं. तोवर तो धडा झाला होता. तिन्ही माणसं, ती, तुम्ही आणि मी, एका ओळीत बसवली, एक खाडाखोड नाही. ते पत्र पोचलं की नाही कोण जाणे. उत्तर आलं नाही. तुम्ही पुढची दोन वर्षं पोस्टमन दिसला की खोरं टाकून बांधावर यायचात, आणि "आमचं न्हाई व्हय?" म्हणून परत जायचात. तिसऱ्या वर्षी तुम्हीच राहिला नाहीत.

हे इथवर लिहून मी कागद मिटणार होतो. पण वर एक लबाडी केलीय, ती तशी ठेवून उठवत नाही. धडा झाला नव्हता हे खरं. पण मी तुम्हाला सांगू शकत होतो, की हे वाक्य अवघड आहे, सांगलीला जाऊन सरांना विचारतो, मग पत्र टाकू. सरांनी आनंदानं सांगितलं असतं. मी विचारणार नव्हतोच, कारण विचारलं की पत्र कुणाचं हे सांगावं लागलं असतं, आणि त्याच्या महिनाभर आधी तुम्ही गुळाची ढेप घेऊन विश्रामबागेत, कॉलेजवर मला भेटायला आला होता. आठवतंय? सर व्हरांड्यात उभे होते. तुम्ही पायतण काढलंत, खाडकन सलाम ठोकलात आणि खंदकात उचललेलं आपलं ते मोडकंतोडकं फ्रेंच सुरू केलंत, मोठ्यानं, हातवारे करून. मुलं खिडक्यांतून हसायला लागली. सर नाही हसले. ते उभ्या उभ्या पाव तास तुमच्याशी फ्रेंच बोलले, त्यांना गंमतच वाटत होती. मग त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, हे तुमचे कोण? तुम्ही तीन पावलांवर गुळाची ढेप काखेत धरून उभे होता, तुम्हाला ऐकू गेलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत."