सत्ती-दुरीचा सूड

२४ ऑक्टोबर २००६, भाऊबीज. मुक्काम आंजी.

आज माझा अपमान झाला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. सासुरवाडीच्या सपरीत, म्हणजे ओसरीत. साक्षीदार नऊ.

तपशील लिहून ठेवतो. सूड घेताना काही विसरायला नको.

साडभाऊ नीलेश (मेहुणी रूपालीचा नवरा, हैदराबादेत कॉम्प्युटरची नोकरी, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान) सहा महिने अमेरिकेत राहून आला. येताना पोकरची पेटी आणली. आत पत्त्यांचे दोन कॅट आणि रंगीत चकत्या. पैसे लावायचे नाहीत, चकत्या लावायच्या. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधात सगळ्यांची मिळून पाच. ज्याची जुळणी भारी, त्याच्या चकत्या. मी लहानपणापासून तीनपत्ती खेळलेला माणूस. मला यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या हातात दोन राजे. मधात तिसरा राजा पडला. नीलेशने शांतपणे आपल्या सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या आणि माझ्याकडे पाहून हसला. मी विचार केला, एवढा शिकलेला माणूस उगाच कशाला सरकवेल? पानं टाकून दिली.

त्याने आपली पानं उलटी करून सर्वांना दाखवली. सत्ती आणि दुरी. जुळणी काहीच नाही.

सासूबाई (मनकर्णाबाई, वय अडुसष्ट) एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सुलोचना हसली. ही माझी स्वतःची बायको. नीलेश म्हणाला, "मुरलीभाऊ, याले ब्लफ म्हणते. तुमचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी हाय."

जेवलो नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

२५ ऑक्टोबर. आर्वी.

निर्धार: मे महिन्यात मेहुण्याचं, म्हणजे प्रफुलचं लग्न. नीलेश येणारच, पेटीही आणणार. त्याच सपरीत, त्याच नऊ लोकांसमोर, त्याच्याच चकत्यांनी त्याला रडवायचं. सहा महिने आहेत. पुरे झाले.

दिवसभर दुकानात (भांड्यांचं, बाजार चौकात, स्वतःचं) गिऱ्हाइकाशी कमी बोललो. ताकद राखून ठेवतो आहे.

३ नोव्हेंबर.

सायबर कॅफेत गेलो. नवशिक्यांसाठी पोकर, असं अकरा पानांचं मटेरियल सापडलं. प्रिंट काढताना सहाव्या पानानंतर लाइट गेली. भारनियमन. पोरगा म्हणाला, काका, संध्याकाळी या. गेलो नाही. उरलेल्या पाच पानांत फार काही नसणार.

सार असं: प्रत्येकाने आपली शैली शोधावी. काही माणसं घट्ट खेळतात, काही सैल. काही आक्रमक, काही मवाळ. मी कोण, ते लवकरच नीलेशला कळेल.

६ नोव्हेंबर.

शैली पहिली: घट्ट. भारी पानं आल्याशिवाय खेळायचंच नाही.

सरावाला शेजारचा तानबाजी टेलर. दुपारी दोघांकडेही गिऱ्हाईक नसतं. चकत्या नाहीत, म्हणून दुकानातले चमचे घेतले. लहान चमचा दहा, मोठा पन्नास, झारा शंभर.

लागोपाठ एकतीस वेळा पानं टाकली. शिस्त म्हणजे काय ते तानबाजीने पाहिलं. तो मधात दोन पायजाम्यांना काजं करून आला. बत्तिसाव्या वेळी दोन एक्के आले. मी सरळ होऊन बसलो. तानबाजीने लगेच पानं टाकली. म्हणाला, "दीड घंट्यात पयल्यांदा तुमी पाठ टेकवणं सोडलं, भाऊ."

जिंकलो. एक लहान चमचा.

९ नोव्हेंबर.

घट्ट शैली माझ्या स्वभावात नाही. आज सैल. आलेलं प्रत्येक पान खेळलो.

तीन वाजेपर्यंत दुकानातले सगळे चमचे आणि सहाच्या सहा झारे तानबाजीकडे गेले. तेवढ्यात एक बाई झारा मागायला आली. झारा तर तानबाजीच्या मांडीजवळ. त्याने स्वतःच उचलून दाखवला, स्वतःच भाव केला, बाईला कागदात गुंडाळून दिला. पैसे मात्र माझ्या हातात ठेवले, उपकार केल्यासारखे.

याचाही सूड घ्यायचा. पण नीलेशनंतर. एका वेळी एकच शत्रू.

१८ नोव्हेंबर.

शैली सापडली. आक्रमक. मागे हटायचं नाही, उलट वाढवायचं. शैली अंगात मुरली पाहिजे म्हणून धंद्यातही सुरू केली.

सकाळी एका बाईने जर्मनचा गंज (ॲल्युमिनियमचं पातेलं) पसंत केला. म्हणाली, दहा रुपये कमी करा. मी तिच्या डोळ्यांत पाहून वीस वाढवले. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी पापणी हलवली नाही. ती उठली आणि समोरच्या दुकानातून गंज घेऊन गेली.

पोकरच्या भाषेत तिने पानं टाकली. म्हणजे डाव माझा.

असे आज चार डाव जिंकलो.

३ डिसेंबर.

आता चेहरा. खिडकी बंद करायची. स्टीलच्या परातीत पाहून रोज अर्धा तास सराव. राग नाही, आनंद नाही, काहीच नाही.

आज तानबाजीच्या पोरीचं साक्षगंध (साखरपुडा) होतं. चांगली संधी. पहिल्या रांगेत बसलो आणि दोन तास चेहरा हलू दिला नाही. पोरीने पाया पडून आशीर्वाद मागितला, तेव्हाही नाही. पोराकडचे दोघे मामा दोनदा माझ्याकडे पाहून आपसात कुजबुजले. शेवटी तानबाजी जवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, पोराबद्दल काई आयकलं काय तुमी? असं काऊन बसून राह्यले?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं तर चेहरा हलतो.

संपूर्ण यश.

११ डिसेंबर.

तानबाजी आठ दिवसांपासून खेळायला येत नाही. बोलतही नाही. मशीनवर बसतो तो पाठ माझ्याकडे करून. सुलोचना म्हणते, जाऊन माफी मागा. मी म्हटलं, मेनंतर.

१४ जानेवारी २००७, संक्रांत.

नीलेशचा फोन आला होता. आज गोड बोलावं लागतं म्हणून उचलला नाही.

११ फेब्रुवारी.

तानबाजी नाही, म्हणून सुलोचनाला बसवलं. ती तूर निवडत निवडत खेळली. पानांकडे एकदा पाही, सुपात दहादा. सात डाव हरलो. नशीब तिच्या बाजूने होतं.

आठव्या डावाला माझ्याकडे तीन राण्या झाल्या. आता हिला सोडायचं नाही असं ठरवलं आणि सहज म्हटलं, सुलू, थकली असशील, जरा टेकून बस ना. तिने लगेच पानं टाकली.

विचारलं, कसं कळलं? म्हणाली, "चांगली पानं आली का तुमी माह्याशी गोड बोलता. बाकी टायमाले कवाच नाई."

नोंद: यापुढे पानं कशीही असोत, बायकोशी सारखंच वागायचं. वाईट.

१९ मार्च.

आज जे कळलं तेही लिहून ठेवतो.

प्रफुलच्या लग्नाची भांडी नागपूरहून आली. समया, पाण्याचे गुंड, ताटं, सगळं. घरचा मोठा जावई आर्वीत भांड्यांचं दुकान टाकून बसलेला असताना! चौदा वर्षं त्या घरात गाय घ्यायची तर मला विचारत, गाय विकायची तर मला विचारत. आता भांडीसुद्धा नागपूरची. आणि प्रफुलच फोनवर बोलून गेला की दुकान नीलेशभाऊंनी सुचवलं.

म्हणजे हा पत्त्यांचा मामला नाहीच. तो माझी जागा घेतो आहे. सत्ती-दुरी ही सुरुवात होती.

नीलेश, तुझे दिवस भरले.

२ एप्रिल.

सुलोचना आंजीला जाऊन आली. आईने काय सांगितलं ते म्हणाली (बापू म्हणजे मी, जावई): "बापूच्या दुकानातून घेतलं तं ते पैसे घेत नाई. दोन जोड घ्याव तं चार बांधून देते. त्याईले कितीदा लुबाडाव? म्हणून नीलेशले इचारलं."

ऐकायला सुंदर. पण मी सहा पानं वाचलेला माणूस आहे. ब्लफ ओळखता येतो.

बायको शत्रूला मिळालेली दिसते. हिच्यासमोर आता रोजनिशी उघडायची नाही.

६ मे.

तयारी पूर्ण. काळा गॉगल घेतला. पोकरवाले घालतात, डोळे दिसू नयेत म्हणून. दुकानात घालून बसलो. सोळा जणांनी विचारलं, डोळे आले काय? दोघे दारातूनच परत गेले.

अंतिम शैली ठरली: घट्ट, पण सैल वाटेल अशी. आक्रमक, पण मवाळ दिसेल अशी. हे कोणालाच कळणार नाही. मलाही कधी कधी कळत नाही.

१० मे. आंजी.

लग्न नाचणगावला लागलं. मुलगी चांगली. जेवण चांगलं. नीलेश प्रत्येक पंगतीत वाढत होता. "मुरलीभाऊ, घ्या नं एक बुंदीचा लाडू," असं तीनदा म्हणाला. तीनदा घेतला. शत्रूला गाफील ठेवायचं असतं.

१२ मे. आंजी. सायंकाळी सहा.

सत्यनारायण आटोपला. दुपारी दोन वाजता सपरीत कूलर लावला आणि नीलेशने पेटी काढली. मी गॉगल चढवला. सासूबाई धावत आल्या, "अगाई बापू, डोये आले काय?" आणि नको नको म्हणताना गॉगल काढून दोन्ही डोळ्यांत गुलाबपाणी टाकलं. पहिला डाव मला दिसलाच नाही.

तेवढ्यात सासूबाई बसल्या. म्हणाल्या, "मले बी वाटा पानं. दिवाईपासून पाहून राह्यली मी." सगळे हसले. मीही हसलो. म्हातारीच्या चकत्या आयत्याच नीलेशकडे जातील आणि मग त्या माझ्याकडे येतील, असं गणित होतं.

दुसरा डाव. माझी पानं फालतू, मी टाकली. नीलेशने तेच केलं, अगदी तेच. सगळ्या चकत्या पुढे, चेहऱ्यावर तेच हसू. मी मनात म्हटलं, ब्लफ आहे, ब्लफ आहे! पण माझी पानं तर खाली होती. सासूबाईंनी आपल्या सगळ्या चकत्या ओंजळीने उचलून मधात टाकल्या.

नीलेश सासूबाईंना म्हणाला, "मामीजी, इचार करा. माह्यापाशी भारी असन तं?"

"असन तं असन. पाहू तं दे काय हाय."

त्याच्याकडे काही नव्हतं. त्यांच्याकडे दोन तिऱ्या.

नीलेश संपला. दुसऱ्या डावात. मी त्याच्याविरुद्ध एकही पान खेळलो नव्हतो. तो पोट धरून हसला, सासूबाईंच्या पाया पडला आणि कूलरसमोर आडवा झाला. पाच मिनिटांत घोरत होता.

सहा महिने. सहा पानं. चार शैली. आणि शत्रू झोपलेला.

मी खेळत राहिलो. प्रफुल गेला, रूपाली गेली, सुलोचना उठून कुरड्या उलट्या करायला गेली. उरलो मी आणि सासूबाई. मग विचार केला, नीलेश जिथे हरला तिथे मी जिंकलो तर तोही सूडच. पानं होती नव्वी आणि चव्वी. मधात काहीच जुळत नव्हतं. चेहरा बंद केला. परातीत केला होता तसा. सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या. असा ब्लफ त्या सपरीत कोणी केला नसेल.

सासूबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. म्हणाल्या, "पाहू तं द्या, बापू."

दोन पंज्या.

१३ मे. आंजी. सकाळी.

नीलेश विहिरीजवळ दात घासत होता. सरळ विचारलं. म्हटलं, दिवाळीचा तो डाव आठवतो?

म्हणाला, "कोणता डाव, भाऊ?"

सांगितलं. माझे तीन राजे, त्याची सत्ती-दुरी. उघडी खिडकी. त्याने ब्रश तोंडात धरून बराच वेळ आठवलं.

"नाई बा. मी तं असाच खेळतो, दर डावाले काईतरी फेकत राह्यतो." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले लागलं होतं काय, भाऊ? तवापासून?"

मी म्हटलं, छे छे, सहज विचारलं.

त्याने चूळ भरली. हात पुसले. म्हणाला, "माह्याच्यानं चुकलं असन तं माफ करा. मोठ्या भावासारखे तुमी. हैदराबादेत मले कोणी खेळाले बोलावत नाई, भाऊ. इथं आलो का सगळे बसते, मंग मी जरा जास्तच करतो."

हा ब्लफ नव्हता. मी बारकाईने पाहत होतो. एवढं तरी आता कळतं.

मी म्हटलं, पुलगाव स्टेशनवर सोडायला मी येतो. गाडीत बसताना तो पाया पडला. फार वाईट वाटलं. सहा महिने जपलेला माझा शत्रू गेला.

१५ मे. आर्वी.

तानबाजीकडे गेलो. पोरीसाठी स्टीलचा डबा नेला. साक्षगंधाचं कारण खरं खरं सांगितलं. तो पाठमोराच मशीन चालवत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पोरगा चांगला हाय नं?" म्हटलं, एक नंबर आहे. तेव्हा कुठे तो मशीनवरून वळला, तोंड माझ्याकडे करून.

३१ मे, गुरुवार. आंजी.

नीलेश पेटी आंजीलाच सोडून गेला. सासूबाईंनी शेजारच्या विमलाबाई आणि प्रमिलाबाईंना शिकवलं. सुलोचना दर गुरुवारी एसटीने जाते. आज एक हात कमी पडतो म्हणून मला बोलावणं आलं.

गेलो. मनात सुडाची भावना अजिबात नव्हती. म्हातारीला फक्त एकदा हरवायचं होतं.

दहा मिनिटांत बाहेर. सर्वांत आधी. सासूबाई म्हणाल्या, रिकामे बसले तं चहा मांडता काय, बापू? मांडला. जन्मात पहिल्यांदा. चौघींनी पानांवरून नजर न काढता घोट घेतला आणि चौघीही म्हणाल्या, चहा छान झाला.

मी एकेकीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. काही कळलं नाही.