आईचं घर उंच झालं

प्रिय तोंग,

तू पाठवलेला फोटो पाहिला. पैसे देऊन राहायला येणारे तुझे बँकॉकचे पाहुणे आपल्या तराफ्याच्या काठावर पाय सोडून हसत बसलेत. खाली तू लिहिलंयस, 'नदीवरचं आमचं घर, जसंच्या तसं.' अरे, त्या फोटोत एकाचाही पाय पाण्याला टेकलेला नाही! आपण त्याच काठावर बसायचो तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजायचो. जसंच्या तसं म्हणे!

हे पत्र मी एकदा लिहून फाडलं. रागात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचून पाहायची माझी खोड तुला ठाऊक आहे. स्वतःला विचारलं, विलाइ, राग नक्की कशाचा? तू शिकूनही याच काठावरच्या शाळेत शिकवत राहिलीस आणि तो शहरात गेला, याचा तर नाही? असेल, थोडा तोही असेल. पण तो बाजूला काढला तरी राग उरतोच.

उन्हाळ्यात तू घर तरंगत ठेवणारे खालचे बांबू काढून ती निळी प्लास्टिकची पिंपं बसवलीस. बांबू कुजतात, सारखे बदलावे लागतात, हे मलाही मान्य होतं. बांबू बदलायचे म्हणजे शेजारी बुड्या मारून जुने ओढायचे, नवे सारायचे आणि आई वर त्यांच्यासाठी चूल पेटवायची. पिंपं आली तेव्हा शेजारचे सामरुआय काका म्हणाले होते, "पोरा, घर तरंगलं तुझं, पण तुझ्या आईच्या हातचं माशाचं कालवण बुडालं ना आमचं!" आपण सगळेच हसलो.

सकाळी विहारातले भन्ते होडीतून भिक्षेला येतात, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आई काठावर गुडघे टेकून, मान लववून त्यांच्या पात्रात भात घालायची. पिंपांनी घर इतकं उचललं की आता भन्तेंचं मस्तक तिच्या गुडघ्यांच्याही खाली येतं. पहिल्याच सकाळी ती भाताचं भांडं घेऊन मागे सरली. "त्यांच्या डोक्यावरून घालू? कोंबड्यांना दाणे टाकतात तसं?" भन्ते बिचारे म्हणाले, "घाल गं उपासिके, पाऊससुद्धा वरूनच पडतो." त्यावर आई म्हणाली, "पावसाला पुण्य नको असतं, भन्ते."

मी म्हटलं, माझ्या होडीत बसून घाल. तर म्हणते, "स्वतःच्या दारातून घालायचं नाही, तर दार कशाला?" आणि तुझा फोन आला की हीच बाई सांगते, "छान आहे रे, उंचावर वारा लागतो." तुला ते खरं वाटतं! आईने आजवर कधी कशाला वाईट म्हटलंय, की तू तिच्या छानवर विसंबून राहावंस?

पाहुण्यांना पोहायला उतरता यावं म्हणून तू शिडी लावलीस ना? थंडी पडल्यापासून आई तिच्यावरून नदीत उतरत होती. खालच्या पायरीवर छातीभर पाण्यात उभी राहून, भांडं डोक्यावर धरून भन्तेंची वाट बघायची. मला पत्ता नव्हता. परवा तिचा पाय सटकला. भन्ते बाईला हात कसा लावणार? त्यांनी वल्हं पुढे केलं. काकांनी उडी मारेपर्यंत आई त्या वल्ह्याला लटकून होती. भात वाहून गेला. ती आता माझ्याकडे अंथरुणात खोकते आहे. नाकातोंडातलं पाणी निघाल्यावर पहिलं काय बोलली, तर "भन्ते आज उपाशी राहिले." आणि दुसरं, "तोंगला कळवू नकोस. त्याला वाटेल, त्यानेच घर बिघडवलं."

वाटू दे. म्हणूनच कळवते आहे. पुढचे पाहुणे रद्द कर आणि तू ये. डोंगरातून बांबू मी आणवते, पण बुडी तू मारायचीस. काका म्हणाले, "कालवण असेल तर मी आहेच." शिडी मी काढून आणून माझ्या पलंगाखाली ठेवली आहे. आज पहाटे होडीचा आवाज आला तशी आई उठून बसली आणि मला विचारू लागली, "माझी शिडी कुठाय?" मी तिला पुन्हा पांघरूण घातलं. त्याचं उत्तर तू येऊन दे.

तुझीच, रागावलेली तरी तुझीच,
विलाइताई